शेषरावमामांनी पाहिलेला डोंगर

शेषरावमामा कोणाच्याही घरी गेले की समोरच्या दारातून आत शिरत नसत. चपला दारात काढायच्या, घरमालक "या, या" करत पुढे आला की त्याला हातानेच थांबवायचं, आणि अनवाणी घराला वळसा घालून आधी मागच्या अंगणात जायचं. तिथे मोरी बघायची, भांडी घासायची जागा बघायची, दोरीवर काय वाळतंय ते बघायचं आणि मग पुढच्या दाराने येऊन खुर्चीवर बसायचं. "समोरची खोली पाहुण्यासाठी झाडली रायते, जावई," ते मला सांगत. "घर पाहाचं असन तर मोरी पाहाव. मोरीले खोटं बोलता येत नाही." त्यांच्या पायाला काटे मोडत, पण पद्धत मोडली नाही.

मामा गेले त्याला दोन वर्षं झाली. खामगावच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी जन्मभर कापसाची प्रत पाहिली. ढिगातून चिमूटभर कापूस उचलायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धागा किती लांब निघाला ते पाहून बोलायचं. माणसंही ते अशीच ओढून पाहत. त्यामुळे गावात सोयरीक म्हटली की मामा. हा त्यांचा पेशा नव्हता, निव्वळ हौस होती. माझी सोयरीकही त्यांनीच जुळवली. बायको बीबी गावची. त्यासाठी हा गृहस्थ तीन आठवडे बाजाराच्या दिवशी बीबीला गेला, भाजी घेऊन आला, पण मुलीच्या घराबद्दल बीबीत अवाक्षर काढलं नाही. चौकशी केली ती शेजारच्या गावातल्या न्हाव्याकडे. "गावातला मानूस गावाची लाज राखते. शेजारच्या गावाले कायची लाज?" माझीही अशीच चौकशी झाली असणार. मी घोरतो ही गोष्ट त्या चौकशीतून कशी निसटली, असं बायको अजून विचारते. मामांनी जुळवलेल्या प्रत्येक नवरदेवाला ते जावई म्हणत, आणि असे त्यांचे जावई गल्लोगल्ली होते.

एवढ्या माणसाच्या हातून एकच सोयरीक चुकली आणि ती नेमकी स्वतःच्या मुलीची. सुनंदा आमच्याच शाळेत विज्ञान शिकवते. मी तिथे लिपिक. मुलगा मामांच्या मेहुणीच्या नात्यातला होता. 'आपल्याच मानसाची काय चौकशी कराची' म्हणून मामांनी मोरी पाहिली नाही, न्हावी गाठला नाही. एका दुपारी बैठक बसली आणि सुपारी फुटली. आमच्याकडे सुपारी फुटली म्हणजे सोयरीक पक्की. नंतर कोणी काही बोलायचं नसतं. त्या मुलाचं आधी एक लग्न झालेलं होतं आणि ते शेजारच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सहा महिन्यांत सुनंदा बॅग घेऊन परत आली.

त्यानंतर मामांनी एकही सोयरीक केली नाही. कोणी विचारायला आलं तर "माह्यी नजर गेली आता" म्हणायचे आणि पेपर उघडून बारीक अक्षरं वाचत बसायचे, तेही चष्म्याशिवाय. घरात त्यांना मुलीकडे बघून बोलता येईना. ते भिंतीवरच्या घड्याळाशी बोलत. "सुनंदेनं जेवून घ्याव आता," असं घड्याळाला सांगायचं आणि आपण पाणी प्यायचं. सुनंदाचं तीन वर्षं शाळा ते घर आणि घर ते शाळा, एवढंच चाललं होतं. हे सगळं आम्हाला दिसत होतं. करता मात्र काही येत नव्हतं, आणि माझा तर त्या दोघांवरही जीव होता.

अशात पोळा झाल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये डोंगराची टूम निघाली. काढली गवई सरांनी. गवई सर व्यायामाचे शिक्षक. दंड एवढे की शर्टाच्या बाह्या शिवायला शिंपी कुरकुर करी. प्रतिभा मॅडम रोज पहाटे मैदानाला दहा फेऱ्या मारणाऱ्या. मी सायकलवाला. सगळे धडधाकट, पण डोंगर चढलेला माणूस आमच्यात औषधालाही नाही. खामगावात आम्ही चढून चढून चढणार तर रेल्वेच्या पुलावर. तेव्हा पाहिजे होता एक लहानसा डोंगर, सकाळी चढून संध्याकाळी घरी येता येईल असा. जायचं दिवाळीनंतर, कारण तेव्हा पाऊस गेलेला असतो, ओढ्याला पाणी असतं, ऊन उतरलेलं असतं आणि गवत अजून पेटण्याइतकं वाळलेलं नसतं. आमचं हे चाललेलं असताना कोपऱ्यात वह्या तपासणारी सुनंदा मान वर न करता म्हणाली, "मी येते." प्रतिभा मॅडमच्या हातातला डबा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मामा शाळेत हजर. बगलेत वही. येताना शाळेला वळसा घालून मागची मुतारी पाहून आले आणि मुख्याध्यापकांना दोन शब्द सुनावूनही झाले.

"डोंगर कोनं पाह्यला?" त्यांनी मला विचारलं.

"अजून कोणी नाही मामा. सर नेटवर बघतायत."

"नेटवर? थ्या नेटवर फोटो कोन्या बाजूनं काढला हाय?"

गवई सरांनी मोबाईल पुढे केला. मामांनी तो हातात न घेताच नाक मुरडलं. "समोरून. मंग मांगून काय तरी हाय समजा. डोंगर मी पाहतो."

"अहो मामा, लग्न नाही लावायचं! सकाळी जायचं अन् संध्याकाळी परत यायचं," मी म्हणालो.

"परत याचं का नाही थे त्याच्या हातात रायते जावई, आपल्या नाही."

मला हसू आलं, पण ते तोंडातच राहिलं. हा माणूस तीन वर्षांनी घराबाहेर पडला होता, आणि मुलीसाठी काहीतरी नीट निवडायची ही त्याची शेवटची संधी होती. तिथे तिचा पाय जरी मुरगळला असता तरी म्हातारा पुन्हा उठला नसता. आणि सुनंदा? ती मला जिन्यात भेटली. "सर, बाबांना पाहायचं ते पाहू द्या," ती म्हणाली. "पण मला एकदा कुठंतरी माझ्या मनानं जायचं आहे. कोणी पाठवलं म्हणून नाही." मी मान हलवली. लिपिकाच्या हातात मान हलवण्यापलीकडे काय असतं?

मामांचा पहिला फतवा असा की डोंगर पाहण्याआधी मुलीकडची मंडळी पाहायची. म्हणजे आम्ही. रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात आम्हाला रांगेत उभं केलं, पायातलं काढायला लावलं आणि प्रत्येकाच्या हातात ताट दिलं. ताटात काठोकाठ भरलेले चार पेले. पूर्वी मुलीची चाल पाहायचे तशी ही आमची चाल पाहणं चाललं होतं. गल्लीतल्या बाया गच्चीवर जमल्या. गवई सरांनी तिसऱ्याच पावलाला दोन पेले सांडले. "तुमचं सारं वजन वरतेच हाय सर, खाली काईच नाही. उतारावर पुढं पडसान," मामा म्हणाले आणि वहीत लिहिलं. प्रतिभा मॅडमना, "चाल फस्क्लास, पन बोलत चालता. अर्धा दम तोंडातूनच जाते." मला, "जावई घराबाहेर बरा चालते." गच्चीवर हशा. सुनंदाचं नाव त्यांनी पुकारलंच नाही, दारातून दिसणाऱ्या घड्याळाला म्हणाले, "तिचं काय पाहाचं." तशी तिनं स्वतःच ताट उचललं, फाटकाबाहेर गेली, विहिरीला फेरी मारून आली आणि ताट त्यांच्या पुढ्यात ठेवलं. एक थेंब सांडला नव्हता.

मग सुरू झाली डोंगरांची चौकशी. दर दोन-चार दिवसांनी मामा शाळेत येऊन एकेक डोंगर नापास करत. सातपुडा पहिल्याच दिवशी कटला. "लय मोठं घरानं. आपल्याले झेपत नाही. अन् आत जाले जंगलखात्याची परवानगी लागते म्हन्तात. म्हंजे घरात सासू खमकी हाय." एका डोंगरावर देऊळ होतं आणि माथ्यापर्यंत रंगवलेल्या पायऱ्या. "इतका पावडर लावला तर अस्सल तोंड कसं दिसन?" बोथ्याच्या जंगलाकडचा एक त्यांना फार आवडला होता, पण तिथे अस्वल निघालं. "सरळ सांगून टाकलं त्याइनं का अस्वल हाय म्हून. मानसं चांगली हायत. पन अस्वल थे अस्वल." गवई सर कपाळावर हात मारून घेत. "अहो, दोन महिने झाले! आम्हाला एक टेकडी पाहिजे हो, टेकडी!" त्यावर मामा शांतपणे म्हणत, "घाईनं देल्ली का मंग रडत बसा लागते सर." असं म्हटलं की सरही पुन्हा मोबाईलकडे वळत.

शेवटी गाडी येऊन थांबली रोहिणखेडकडे. तिथून पुढे एका वाडीच्या शिवारात शेजारी शेजारी दोन डोंगर. एक बुटका, रुंद, त्याला तिकडे बसक्या म्हणतात. दुसरा उंच, माथ्यावर चार-पाच झाडांचा झुपका, म्हणून शेंड्या. मामा चार वेळा एसटीने गेले. वाडीत एक शब्द विचारला नाही. चौकशी केली ती रोहिणखेडात, जुन्या मशिदीजवळच्या न्हाव्याकडे. त्यासाठी चारदा दाढी केली, पैकी दोनदा एकाच दिवशी. मग बसक्याच्या पायथ्याशी चपला काढून अनवाणी वळसा घालून मागे गेले. "मोरी सापडली का?" मी विचारलं. "नाला हाय. लखलखीत," ते म्हणाले आणि वही माझ्यापुढे टाकली. बसक्याचा बायोडाटा असा होता: 'उंची दीड तास. स्वभाव शांत. वाट बकऱ्यांची, म्हणजे रोजच्या चालीची. पाणी अर्ध्यावर, झिरा, दिवाळीनंतर महिनाभर. सावली सीताफळीची. व्यंग: माथ्याजवळ मुरूम सुटतो, उतरताना पाय आडवा टाकावा. आग्यामोहोळ नाही. मागून पाहिला.' खोटं कशाला बोलू, नवख्यांसाठी याहून चांगला डोंगर कोणालाही निवडता आला नसता.

"अन् हा शेंड्या?" सुनंदानं वही वाकून पाहत विचारलं. शेंड्याच्या पानावर एकच ओळ होती: 'चालीचा नाही.'

मामा स्टाफरूमच्या घड्याळाकडे वळले. "न्हाव्यानं सांगतलं, कंडक्टरनं सांगतलं, दुधवाल्यानंबी तेच सांगतलं. त्याच्यावर गेलेला मानूस लवकर खाली येत नाही. एक बाई सकाळी लाकडं आनाले गेली, थे दिवस बुडता खाली आली. लाकडं नाही, काही नाही. काय करत होती म्हून इचारलं, तं म्हने बसली होती! वारा रायते म्हन्तात तिथं. घर इसरते मानूस. असा डोंगर काय कामाचा?"

सुनंदानं वही मिटली आणि ती तासावर गेली.

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही जीप केली. कापसाची वेचणी चाललेली, रस्त्याच्या दोन्ही बाजूला पांढरी शेतं. पुढच्या सीटवर मामा कोट घालून, पांढरी टोपी चापून बसलेले, मांडीवर पोह्यांचा डबा. आम्ही बूट आवळून पायथ्याशी उतरलो तर तिथे सतरंजी अंथरलेली आणि तिच्यावर एक म्हातारा धनगर आंघोळ करून, धुतला सदरा घालून बसलेला.

"हे सुकदेवबाबा," मामांनी ओळख करून दिली. "डोंगराकडचे वडील. बकऱ्या त्याइच्याच चरतात वरते. कोनी तं पाह्यजे ना त्या बाजूनं बोलाले?"

सुकदेवबाबांना यात काहीही वावगं वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गवई सरांच्या दंडांकडे पाहून जरा नाराजीनं मान हलवली. आम्ही निमूट सतरंजीवर बसलो. पोहे झाले. ऊन वर येत होतं. देण्याघेण्याची बोलणी सुरू झाली.

"पोराइले पानी पाजसान ना?" मामा.

"झिऱ्याचं पानी आमच्याकून. त्याच्यात पाय धू नोका म्हना."

"सावली?"

"सकायची तुमची. दुपारची आमच्या बकऱ्याइची."

"अन् उतरवून नीट देसान?"

"दिवस बुडाच्या आत खाली. जबान देतो."

मामांनी खिशातून सुपारी काढली, एका दगडावर ठेवली, दुसरा दगड हातात घेतला. हात वर गेला आणि तिथेच राहिला. गवई सरांनी घड्याळ पाहिलं. मामांनी मान वळवली आणि सरळ सुनंदाकडे पाहिलं.

"सुनंदे, तुले पसंत हाय काय?"

गवई सर म्हणाले, "मामा, आता उशीर—"

"थांबा सर. पोरीले इचारलं हाय म्या."

सुनंदानं आधी बसक्याकडे पाहिलं, मग बापाकडे. "नाही बाबा," ती म्हणाली. "मले तो पाह्यजे." आणि तिनं शेंड्याकडे बोट केलं.

झालं! दोन महिन्यांची चौकशी, चार दाढ्या, अनवाणी पाय, सगळं पाण्यात. मामांनी दगड खाली ठेवला. पण भडकले ते सुकदेवबाबा. ते काठी टेकत उभेच राहिले.

"आमच्या डोंगरात काय खोट हाय थे सांगा पहिले!"

"एकबी खोट नाही बाबा. म्या सोता मांगून पाह्यला."

"मंग भरल्या बैठकीत नाही म्हन्ता? चार मानसाइत नाक कापता?"

"डोंगराचं नाक?" गवई सरांनी विचारलं. मी त्यांचा पाय दाबला.

मामा गुडघ्यावर हात ठेवून उठले. "बाबा, चूक माह्यी हाय," ते म्हणाले. "पोरीले पहिले इचाराव, मंग बैठक बसवाव. म्या उलटं केलं. मांगंबी एकदा उलटंच केलं, तवा तं इचारलंच नाही. आज इचारलं अन् थे नाही म्हन्ली. आता तिचा नाही म्हंजे माह्याबी नाही." एवढं बोलून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्या धनगराच्या पायाशी ठेवली.

मुलीला पदरात घ्या म्हणून व्याह्याच्या पायाशी टोपी ठेवणारे बाप मी पाहिले आहेत. मुलगी नाही म्हणाली म्हणून टोपी उतरवणारा बाप मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. माझे डोळे भरून आले, आणि तेही एका डोंगराच्या सोयरिकीत, म्हणजे हद्द झाली. सुनंदा पुढे झाली तर मामांनी तिला हातानं मागे सारलं. सुकदेवबाबा टोपीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती उचलली, झटकली आणि आपल्या डोक्यावर घातली. त्यांना वाटलं मान केला. "बरं, जाऊ द्या," ते म्हणाले, "टोपी आनली तं सोयरे मानसं दिसता." त्यांना ती मामांपेक्षा बरी दिसत होती. परत कशी मागणार?

"जा," मामा आम्हाला म्हणाले. "सांजच्या आत या, असं काही म्हनत नाही."

शेंड्या चढायला आम्हाला अडीच तास लागले. वाट अशी नव्हतीच. कुसळांतून मांड्या सोलत, दगडाला धरत जायचं. गवई सर दोनदा पुढे पडले आणि दोन्ही वेळा मामांच्या नावानं ओरडले. माथ्यावर मात्र त्या झुपक्याखाली असा वारा होता की काय सांगू. प्रतिभा मॅडमही बोलायच्या थांबल्या. बारा वाजता मी म्हणालो निघू या. एक वाजता सर म्हणाले निघू या. मग कोणीच काही म्हणेना. सर घोरायला लागले. सुनंदा कड्याजवळ पाय सोडून सीताफळ खात बसली होती. बिया तोंडानं लांब उडवायची आणि कुठपर्यंत गेल्या ते बघून हसायची. तीन वर्षांत तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं. खाली सतरंजीवर दोन ठिपके दिसत होते; पांढऱ्या टोपीचा ठिपका मामांचा नव्हता.

उतरलो तेव्हा दिवस बुडत होता. मामांनी डोंगर कसा होता, पाणी मिळालं का, काही म्हणून विचारलं नाही. सुकदेवबाबांशी त्यांची चांगली गट्टी जमलेली दिसली. जीप निघाली, थंडी पडायला लागली होती, आणि मामा पुढच्या सीटवर उघड्या डोक्यानं बसलेले मला बघवेना.

"मामा, टोपी काढायची काय गरज होती हो? धनगर तर समजला पण नाही."

"त्याले समजासाठी नाही काढली जावई," ते म्हणाले. "पोरगी नाही म्हन्ली का बापाचं डोकं उघडं पडते. तेवढंच होते. त्यानं काय मानूस मरते?" आणि ते जोरात शिंकले. लागोपाठ तीन वेळा.

मागच्या सीटवरून सुनंदा पुढे वाकली. तिनं डोक्याला गुंडाळलेली नारिंगी ओढणी सोडली, त्यांच्या डोक्यावर टाकली आणि हनुवटीखाली घट्ट गाठ मारली. तिच्यात दिवसभराची कुसळं भरलेली होती.

"टोचून राह्यली व माय," मामा म्हणाले.

"टोचू द्या."

खामगावात शिरताना चहाच्या टपरीवरची माणसं उठून बघायला लागली. मामा कोट घालून, नारिंगी ओढणी बांधून ताठ बसले होते, आणि ओळखीचं कोणी दिसलं की हात जोडून राम राम करत होते. घर येईपर्यंत त्यांनी गाठीला हात लावला नाही.